मॅक मिनीत रॅम वाढते असं सांगून विकतायत, आधी मागची बाजू बघा

तळाला ए१३४७ हा मॉडेल नंबर छापलेला मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा लहान डब्यासारखा कॉम्प्युटर, कोणी "दादा, आत्ता ४ जीबी आहे, नंतर १६ टाका, पाच मिनिटांचं काम" म्हणून गळ्यात मारत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा, लांबलंय पण वाचा. माझे यात एकवीस हजार गेले, त्यातले पाच परत आले.

मी मालवणात स्कुबावाल्यांचे व्हिडिओ एडिट करून देतो. टुरिस्ट सकाळी किल्ल्याच्या बाजूला पाण्यात उतरतात, दुपारी सुरमईची थाळी, आणि संध्याकाळी गाडी सुटायच्या आत व्हिडिओ मोबाईलवर पाहिजे, नाहीतर बोटवाल्याचं डोकं खातात आणि बोटवाला माझं. गोप्रोच्या फाईली केवढ्या असतात ते करणाऱ्यालाच माहीत, ४ जीबी रॅमवर टाईमलाईन जागची हलत नाही. त्यामुळे मला लहान डबा हवा होता, पण रॅम वाढवता येणारा, आणि जिथे तिथे विचारल्यावर कळलं की जुन्यात २०१२ चा मॅक मिनी बघ, त्यात १६ जीबीपर्यंत आपली आपण टाकता येते.

हे शंभर टक्के खरं आहे. २०१० ते २०१२ च्या मिनीला खाली गोल काळं झाकण असतं, अंगठ्याने थोडं फिरवलं की सुटतं आणि समोरच लॅपटॉपच्या रॅमचे दोन स्लॉट. २०१२ वाल्यात डीडीआर३ १६०० (हा रॅमचा प्रकार आणि वेग) च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक बसतात, साधा माणूस घरी बसवू शकतो. आणि म्हणूनच २०१२ ला सेकंडहँडमध्ये अजून मागणी आहे. भानगड पुढे आहे. २०१४ ला जो नवीन मिनी आला तो बाहेरून तसाच, तोच ॲल्युमिनियमचा डबा, खाली तेच गोल झाकण, आणि मॉडेल नंबरसुद्धा तोच ए१३४७! पण आत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची चिकटवलेली. घेताना ४ घेतलीत तर मशीन भंगारात जाईपर्यंत ४. दोन वर्षांच्या फरकात कंपनीने स्लॉटच काढून टाकले आणि नंबर मात्र तोच ठेवला, यात विकणाऱ्याचं फावलं. देवगडच्या पेटीत दुसरीकडचा आंबा भरतात ना, तसा प्रकार, फक्त इथे पेटीवरचा शिक्का खोटा नाही.

विकणारा जिल्ह्यातलाच, सेकंडहँड कॉम्प्युटरचं दुकान आहे, नाव इथे लिहीत नाही. मी गेल्या गेल्या सांगितलं की २०१२ चाच हवा, रॅम टाकायची आहे. म्हणाला आहे ना, एकच पीस राहिलाय. मशीन उलटं करून नंबर दाखवला, ए१३४७, झाकण दाखवलं. मग चालू करून अबाउट धिस मॅक, म्हणजे मशीनची माहिती दाखवणारी खिडकी, उघडलं आणि मी वाचायच्या आत सिस्टिम रिपोर्टमध्ये जाऊन मेमरीवर क्लिक केलं, तिथे बँक ० आणि बँक १ अशा दोन ओळी, दोन्हीसमोर २ जीबी. "हे बघा दादा, दोन स्लॉट, दोन्हीत २-२ आहे, काढायचे आणि ८-८ टाकायचे." बघणाऱ्याला पटणारच की. पण सोल्डर केलेल्या रॅमलाही तो रिपोर्ट बँक ०, बँक १ अशीच नावं देतो, त्यावरून स्लॉट आहे असं होत नाही. खरी गोष्ट त्याच पानावर थोडी वर असते, अपग्रेडेबल मेमरी, आणि तिथे नो लिहिलेलं. त्याने पान बरोबर खाली ओढून ठेवलेलं, म्हणजे याला सगळं ठाऊक होतं.

आणखी एक म्हणजे मशीनवर माँटेरे ही ॲपलची सिस्टिम टाकलेली होती आणि तो हे कौतुकाने सांगत होता, "बघा किती नवीन सिस्टिम चालते". कंपनी २०१२ च्या मिनीला कॅटालिनाच्या (माँटेरेच्या आधीची सिस्टिम) पुढे जाऊ देत नाही, २०१४ ला माँटेरेपर्यंत देते. जुगाड करून २०१२ वर पुढचंही चालवणारे आहेत, पण सरळ अपडेट होऊन माँटेरे आलेलं असेल तर ते २०१२ नाहीच.

मशीनचे सोळा हजार आणि ८-८ च्या दोन स्टिक फिटिंगसकट पाच हजार असं ठरलं. पैसे दिल्यावर म्हणाला की झाकण उघडायचं टूल कारागीर घेऊन गेलाय, ठेवून जा, बसवून पाठवतो. (फिरवून उघडणाऱ्या झाकणाला टूल कसलं?) दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो आला, मेमरी १६ जीबी, खाली अंगठ्याची खूण. मशीन वडापवाल्याकडे देऊन पाठवलं. रात्री चालू करतो तर ४ जीबी.

फोन केला. "दादा, नवीन रॅम ओळखायला वेळ लागतो, तीन-चार वेळा रिस्टार्ट मारा." असं काही नसतं बरं का, रॅम चालू होतानाच मोजली जाते, आहे तर आहे, नाही तर नाही, दहा वेळा रिस्टार्ट मारून उगवत नाही. तरी मारलं. ४ च. परत फोन, तर आता गाणं बदललं, "तुमच्याकडे लाईट जाते-येते, व्होल्टेजमुळे स्लॉट गेला असणार, बोर्ड रिपेअर करावा लागेल, सहा हजार होतील." म्हणजे एकवीस घेऊन झाल्यावर वर आणखी सहा. पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हे कारण कोकणात कोणालाही खपतं, टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळे रिपेअरवाले हेच सांगतात.

बाजारात माझा मित्र मोबाईल रिपेअरिंग करतो, त्याच्याकडे घेऊन गेलो. झाकण फिरवून निघेना, खाचेत पातळ पट्टी घालून काढलं, आत रॅम दिसायच्या जागी आख्खी पत्र्याची प्लेट, मध्ये टोक असलेल्या टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेच्या) स्क्रूंनी बसवलेली. २०१४ ची हीच ओळख, झाकण फिरत नाही आणि आत प्लेट. स्क्रू खाऱ्या हवेने गंजत आलेले आणि एकावरही पान्याचा ओरखडा नाही, म्हणजे ते कोणी उघडलंच नव्हतं. बोर्ड बाहेर काढल्यावर तो हसायलाच लागला.

"ह्येच्यात स्लॉटच नाय रे. रॅम बोर्डाकच चिकटवलेली आसा. आणि तुका स्लॉट गेलो म्हणान सांगितल्यान? जो नायच तो जातलो कसो?"

आणि पाच हजारांच्या दोन स्टिक? त्या आत नव्हत्याच, कुठे बसवणार होता! फोन करून विचारलं तर म्हणे आतल्या बाजूला बसवल्यात, दिसत नाहीत. मग मित्राने तो व्हॉट्सॲपचा फोटो झूम केला. वर स्पष्ट लिहिलेलं, मॅक मिनी लेट २०१२, २.३ गीगाहर्ट्झ क्वाड कोर. माझ्या मशीनवर लेट २०१४, १.४ गीगाहर्ट्झ. फोटो दुसऱ्याच मशीनचा. १.४ चा मिनी २०१२ मध्ये निघालाच नव्हता आणि २०१४ मध्ये क्वाड कोर आलाच नाही, त्यामुळे एवढा एक आकडा वाचला तरी पुरतं.

दुकानात गेलो तर आवाज चढवून म्हणाला सेकंडहँड मालाला गॅरंटी नाही, आणि तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक कोर्टात तुम्हाला जाता येत नाही. हे वाक्य त्याने इतक्या सहज फेकलं की आधीही कोणावर तरी चाललं असणार. हे अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे बरोबर, पण त्यातच पुढे लिहिलंय की स्वतः वापरून, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर ते व्यापारी कारण धरत नाहीत. एकटा बसून एडिटिंग करणारा माणूस, शिलाई मशीन घेणारी बाई, सगळे यात येतात. शिवाय माझा वाद गॅरंटीचा नव्हताच, २०१२ सांगून २०१४ दिला आणि न बसवलेल्या रॅमचे पैसे घेतले. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात टाकता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

मी आधी १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. हाताने लिहिलेलं बिल होतं, त्यावर "मॅक मिनी १ नग, रॅम १६ जीबी फिटिंगसह", आणि व्हॉट्सॲपवर त्याचाच व्हॉइस मेसेज की २०१२ आहे, १६ पर्यंत वाढते. तो मेसेज त्याने नंतर डिलीट फॉर एव्हरीवन करून बघितला पण वेळ निघून गेली होती. तक्रार गेल्यावर रॅमचे नि फिटिंगचे पाच हजार मुकाट्याने परत आले. मशीनचे द्यायला तयार नाही, म्हणतो मशीन चालू आहे ना. त्यासाठी आता आयोगाचे कागद तयार करतोय.

तर घेताना काय करायचं, मशीनची मागची बाजू बघायची. २०१२ ला फायरवायरचं पोर्ट असतं आणि थंडरबोल्ट एकच. २०१४ ला फायरवायर नाही, थंडरबोल्ट दोन. पोर्ट कोणाला खोडता येत नाही. मग अबाउट धिस मॅक स्वतःच्या हाताने उघडा आणि वर्ष वाचा, सिस्टिम रिपोर्टमध्ये मॉडेल आयडेंटिफायर मॅकमिनी ६ ने सुरू झाला तर २०१२, ७ आला तर २०१४.

पुढची मॉडेलं पण सांगून ठेवतो कारण त्यातही हेच चाललंय. २०१८ च्या मिनीत परत स्टिक आल्या, डीडीआर४ २६६६, ६४ जीबीपर्यंत जातात, पण बोर्ड बाहेर ओढावा लागतो, घरी करायचं काम नाही, हात बसलेल्या माणसाकडूनच करा. २०२० ला एम१, म्हणजे ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर, आला तेव्हापासून रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते, एम२ ला तेच, २०२४ च्या एम४ ला पण तेच. एम४ मध्ये एसएसडी (फाईली साठवायची डिस्क) सुटी निघते, तेवढ्यावरून काहीजण रॅम पण निघते म्हणून सांगतात, ती निघत नाही. नवीन घेताना जेवढी हवी तेवढी तेव्हाच घ्या, एम४ निदान १६ पासून सुरू होतो.

मी सध्या ऑफिसातून निघालेला डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो घेतलाय, विंडोजवाला, हा पण लहानच. मागचा एक स्क्रू काढला, पत्रा सरकवला, दोन स्लॉट समोर, मित्राच्या दुकानातच १६ टाकून घेतली आणि पैसे नंतर दिले. मिनी आता फक्त कार्डं कॉपी करायला ठेवलाय, तेवढं ४ जीबीत होतं.

कोणाला असा मिनी मिळत असेल आणि शंका असेल तर मागच्या पोर्टांचा स्पष्ट फोटो टाका, बघून सांगतो. शनिवार-रविवारी उत्तराला रात्र होईल, बोटी चालू असतात तेव्हा फोन हातात घ्यायला मिळत नाही.