भिंतीवरचा मारिओ: कॅनव्हास प्रिंट की मॅटीवरची फुली?

जुन्या व्हिडिओ गेमचं चित्र घरात लावायचं म्हटलं की सोलापुरात दोन रस्ते सहज हाताशी आहेत. एक, डिजिटल प्रिंटवाल्याकडे फाइल देऊन कॅनव्हासवर छापून घेणं. दुसरा, मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यानं ते स्वतः भरणं किंवा भरून घेणं. माझ्या घरी दोन्ही आहेत आणि दोन्ही बरी दिसतात. पण येता-जाता नजर जाते ती एकाकडेच.

आधी चित्र कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. अटारी या गेम कंपनीच्या काळात पडद्यावर चार चौकोन हलायचे, म्हणून डब्यावर मात्र क्लिफ स्पोनसारख्या चित्रकारांकडून भरगच्च रंगीत चित्रं करून घेतली जायची. त्या धाटणीचं काही हवं असेल, म्हणजे ब्रशचे फटकारे, धूसर आभाळ, एका रंगातून दुसऱ्यात उतरणाऱ्या छटा, तर प्रश्नच नाही. कॅनव्हास प्रिंट घ्या. फुलीच्या टाक्यात असल्या छटा आणायला दोऱ्याचे ढीगभर रंग लागतात आणि एवढं करून चित्र मळकटच दिसतं.

खरा प्रश्न पडतो तो ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) चित्रांना. १९७८चा स्पेस इन्व्हेडर्स, १९८०चा पॅकमॅन, १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स. स्पेस इन्व्हेडर्स बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंचा तो खेकड्यासारखा परग्रहवासी अवघा ११ ठिपके रुंद आणि ८ ठिपके उंच आहे. छोटा मारिओ १६ बाय १६च्या चौकटीत बसतो, तोही तीन रंगांत. त्याची टोपी आणि मिशी आली तीच जागेच्या टंचाईतून. इतक्या कमी ठिपक्यांत केस आणि तोंड नीट दाखवणं अवघड होतं. म्हणजे या चित्रात प्रत्येक ठिपका मोजून ठेवलेला आहे, आणि एकाची कड पुसट झाली तरी नजरेला खुपतं.

माझं मत या कडेवरच ठरलं. लहान फाइल मोठी करताना प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांच्या मध्ये अधलेमधले रंग भरतं. लाल टोपी आणि निळं आकाश यांच्यामध्ये जांभळट धूर उठतो, मिशीचा चौकोनी कोपरा गोल होतो. दुकानातल्या मुलानं फाइल उघडली आणि म्हणाला, "सर, हे तर फुटलंय की! थांबा, स्मूथ करून देतो." त्याला दोष देववत नाही. दिवसभर तो लग्नाचे आणि वाढदिवसाचे बॅनर करतो आणि तिथे फोटो फुटला की गिऱ्हाईक परत येतं. पण मला हवी होती ती धारदार पायरी-पायरीची कड, आणि हातात पडलं ते ओल्या खडूनं काढल्यासारखं काहीतरी.

यावर उपाय आहे. फाइल घरीच मोठी करून न्या, 'निअरेस्ट नेबर' पद्धतीनं (म्हणजे मधले रंग न भरता ठिपका जसाच्या तसा मोठा करून) आणि पूर्ण पटीत: २० पट चालेल, साडेबारा पट नाही. जेपीजी नको, पीएनजी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुकानात कुणी काही 'सुधारत' नाही ना, यावर लक्ष ठेवा. पुढच्या वेळी एवढं केलं आणि प्रिंट पुष्कळच सुधारली. तरी कॅनव्हासच्या विणीवर कड किंचित मऊ पडते. चार फुटांवरून ते कळणार नाही हे मान्य, आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरेल. मी मात्र जवळ जाऊन बघणारा माणूस आहे. शिवाय पॅकमॅनसारख्या काळ्या पार्श्वभूमीवर चकचकीत लेप असला की समोरची ट्यूबलाइट त्यातच उभी दिसते.

मॅटीवर ही अडचण येतच नाही. एक चौकट, एक फुली, एक रंग. मधला रंग भरायला जागाच नाही. १४ काउंटच्या कापडावर इंचाला १४ फुल्या बसतात. म्हणजे एका ठिपक्याला एकच फुली घेतली तर मारिओ सव्वा इंचाचाही होत नाही. मी एका ठिपक्याला पाच बाय पाच फुल्या घेतल्या, चौकट साधारण पावणेसहा इंचांची झाली. दोऱ्याच्या सहा पदरांतले दोन पदर सुईत घेतले आणि वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेनं ठेवला. त्यामुळे लाल टोपीवर सकाळचं ऊन पडलं की सगळी टोपी एकसारखी उजळते, आणि टोपी संपते तिथे लाल रंग सरळ रेषेत थांबतो. हे थांबणं मला प्रिंटमध्ये कधी मिळालं नाही. काळा दोरा तर प्रकाश पिऊन टाकतो.

ठिपक्यांचं आणि टाक्याचं हे नातं ओढूनताणून आणलेलं नाही. १९८४च्या मॅकिंटॉशचे आयकॉन आणि पुढे विंडोजच्या सॉलिटेअरचे पत्ते काढणाऱ्या सुझन केअर यांनी आपल्या कामाची तुलना मोझेक आणि कापडावरच्या भरतकामाशी केलेली आहे. पॅरिसमधला 'इन्व्हेडर' नावाचा कलाकार हेच परग्रहवासी टाइल्सच्या तुकड्यांत भिंतीवर लावत आला आहे. चौकटीत रंग भरणाऱ्या कलांना हे चित्र आपलंच वाटतं.

सोलापूरकर लगेच विचारेल, मग चादरीसारखं विणूनच का नको? विचार चांगला आहे. जकार्डची, म्हणजे मागावर विणली जाणारी, नक्षी आधी ग्राफवर चौकोन भरूनच काढतात, म्हणजे मारिओ तिथे उपरा नाही. पण एका नगासाठी पॉवरलूम कोण अडकवून ठेवणार? हातमागावर चित्रं विणणारे कारागीर आहेत, त्यांच्याशी बोलणं जमलं तर जरूर बघा. काम महाग पडेल आणि ते पडायलाच हवं. मात्र ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे इंचाला सारखे नसतील तर चित्र दबतं किंवा ताणलं जातं, हे आधी विचारून घ्या.

साध्या मॅटीतही हे होतं. सुट्टी मॅटी घेताना पट्टी लावून आडवी आणि उभी भोकं मोजा. थोडा फरक असला तर घाबरू नका. जुन्या टीव्हीवर या गेमचा ठिपका चौरस नव्हताच, उंचीपेक्षा थोडा रुंद होता, साधारण ८ला ७. त्यामुळे इंचाला कमी भोकं असलेली बाजू आडवी धरली तर मारिओ लहानपणी टीव्हीवर दिसायचा तसा किंचित रुंद दिसतो. मला तोच जास्त ओळखीचा वाटतो.

वेळेचं म्हणाल तर तुलनाच नाही. प्रिंट एक-दोन दिवसांत मिळते, भरायला संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. पुढच्या आठवड्यात कुणाच्या वास्तुशांतीला द्यायचं असेल तर प्रिंटच बरी. मारिओच्या गेमचा अख्खा पडदा हवा असेल तरीही प्रिंट: २५६ बाय २४० म्हणजे एकसष्ट हजारांवर फुल्या होतात, ते काम हौसेवर रेटण्यासारखं नाही. आपल्याकडच्या धुळीत प्रिंट फडक्यानं पुसता येते; मॅटीला फ्रेम करावी लागते आणि साधी काच लावली की ट्यूबलाइट परत हजर. मी बिनकाचेची ठेवली आहे आणि उतरवून हलक्या साबणानं धुतो. लाल दोरा रंग सोडतो का, ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर तपासून घ्या.

अजून ठरत नसेल तर मोठ्या प्रिंटचे पैसे द्यायच्या आधी हातभर काळी मॅटी आणि पांढऱ्या दोऱ्याची एक लडी आणा. तो खेकडा भरा, एका ठिपक्याला नऊ फुल्या, म्हणजे ३३ बाय २४. पार्श्वभूमी भरावी लागत नाही आणि पांढरा रंग चुकीचाही नाही; मूळ मशीनचा पडदा एकरंगीच होता, रंग यायचा तो वर लावलेल्या रंगीत पट्ट्यांमुळे. काळ्या कापडाची भोकं दिवेलागणीनंतर दिसत नाहीत, म्हणून दिवसा बसा आणि मांडीवर पांढरा टॉवेल पसरा.