कुंडीखालची पाच चाकं

लोखंडी गोल कडं, त्यावर आडव्यातिडव्या पट्ट्या, खाली फिरती पाच चाकं आणि त्यांतल्या दोन चाकांना ब्रेक. कुंडीखाली ठेवायचा हा स्टँड मी गेल्या शरदापासून वापरते आहे. तेव्हा एकच घेतला होता, आता माझ्या मोठ्या कुंड्यांपैकी बहुतेक यावरच आहेत. शरद ऋतू लागताना ज्यांना फुलबागेची मांडणी बदलावीशी वाटते, त्यांनी नवी रोपं, खतं, रंगीत कुंड्या या सगळ्याच्या आधी हा घ्यावा. या दिवसांत बागेला सर्वांत जास्त गरज असते ती जागेवरून हलण्याची.

ऊनच जागा बदलत असतं ना! जूनमध्ये सूर्य उत्तरेच्या टोकाला असतो. 22-23 सप्टेंबरला दिवस-रात्र समान होतात तोवर तो दुपारच्या आकाशात 23.4 अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, आणि डिसेंबरपर्यंत आणखी तेवढाच सरकायचा असतो. त्याची ही चाल वर्षभर सारखी नसते. जून-डिसेंबरात तो जवळजवळ थबकतो, आणि सप्टेंबरच्या या काळात सर्वांत भरभर सरकतो, आठवड्याला पावणेतीन अंशांच्या आसपास. म्हणून गेल्या आठवड्यात जिथे गुलाबावर ऊन होतं तिथे या आठवड्यात भिंतीची सावली आलेली दिसते. आपल्याला वाटतं झाड रुसलं, पाणी कमी पडलं, कीड लागली. खरं म्हणजे त्याच्या वाट्याचं ऊन दोन फरशा पलीकडे गेलेलं असतं.

माझ्या अंगणाला दक्षिणेच्या बाजूने उंच भिंत आहे आणि समोर दक्षिणाभिमुख व्हरांडा. उन्हाळ्यात भिंतीच्या पायथ्यालाही ऊन असतं आणि व्हरांड्यात ते येत नाही. आता उलटं होतं. भिंतीची सावली अंगणभर पसरत येते आणि ऊन व्हरांड्याची पायरी चढून आत शिरतं. गुलाबाला चांगलं फुलायला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, ते आता फक्त व्हरांड्याच्या कडेला मिळतं. ज्या कुंड्या भिंतीशी मजेत होत्या त्यांना इकडे आणायचं, आणि व्हरांड्यातल्या सावलीप्रिय झाडांना, माझ्याकडे नेचे आणि बेगोनिया आहेत, भिंतीच्या आडोशाला न्यायचं. अख्खी अदलाबदल.

यात अडचण वजनाची. 30 सेंटिमीटर तोंडाची आणि तेवढीच उंच कुंडी साधारण सोळा लिटर माती घेते. साधी बागेची माती असेल तर भिजल्यावर ती कुंडी 25 किलोच्या घरात जाते, शिवाय कुंडीचं स्वतःचं वजन आणि झाड. असल्या कुंड्या वाकून उचलणं कुणाच्याच कमरेला मानवत नाही, आणि काठाला धरून फरफटत नेल्या तर तळाचा टवका उडतो. म्हणून बहुतेक घरांत कुंडी एकदा जिथे बसली तिथेच वर्षानुवर्षं बसते. झाड उन्हाकडे मान वाकडी करून वाढत राहतं आणि आपण त्याला काठी बांधतो.

स्टँडवर कुंडी चढवणं एकदाच जड जातं. त्यासाठी पाणी घालायच्या दिवशी सकाळी, पाणी घालण्याआधी चढवायची, तेव्हा माती सुकलेली असल्याने कुंडी बरीच हलकी असते. आधी दोन्ही ब्रेक बाहेरच्या बाजूला वळवून दाबून घ्यायचे. नंतर ते कुंडीखाली दडतात आणि बोट पोचत नाही. मग कुंडी एका बाजूला कलती करायची, कडं तिच्याखाली सरकवायचं आणि हळूच सरळ करायची. दोघं असतील तर फारच सोपं. खाली गोणपाटाची घडी घातली तर फरशीही ओरखडत नाही.

पाच चाकं हा या स्टँडचा खरा गुण. तीन चाकांचा स्टँड खडबडीत जमिनीवरही नीट टेकतो, पण त्यावर उंच झाड कलंडायला वेळ लागत नाही. चार चाकांचा, फरशी थोडी जरी वरखाली असली तर एका चाकावर डुगडुगतो. पाच चाकांचा घेर भरलेला असतो, कुठूनही ढकला, तोल जात नाही. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीला पाच पाय असतात ते याचसाठी. दुसरा गुण, मधला भाग मोकळा आहे. जास्तीचं पाणी सरळ खाली जातं, कुंडीच्या बुडाला हवा लागते, फरशीवर तो गोल काळपट डाग पडत नाही आणि कुंडीखाली गोम, गोगलगायी यांना ओलसर आसरा मिळत नाही. अंगण झाडतानाही कुंडी बाजूला सारून झाडता येतं, हे आमच्या घरात सगळ्यांनाच आवडलं.

पण माझं मन या वस्तूवर बसलं ते शेवंतीमुळे.

शेवंती उन्हाने फुलते असं आपण म्हणतो, पण कळी धरायला तिला लांब रात्र लागते. फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं हे अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून 1920 साली मांडलं. शेवंती त्याच वर्गातली. तिच्या बऱ्याच जाती दिवस साडेतेरा तासांच्या आत आला की कळीच्या तयारीला लागतात. आणि रात्र म्हणजे सलग अंधार. मधेच उजेड पडला तर झाडाच्या लेखी ती रात्र लांब राहत नाही. फुलांची शेती करणारे हीच युक्ती वापरतात. बहर पुढे ढकलायचा असेल तेव्हा ते मध्यरात्रीच्या सुमाराला शेवंतीच्या रांगांवर दिवे लावतात.

हे माहीत असूनही माझ्यापुढे पेच होताच. दिवसा ऊन फक्त व्हरांड्याच्या कडेला, आणि तिथेच दाराचा दिवा, जो रात्रभर चालू असतो. गेल्या वर्षी पांढऱ्या शेवंतीची कुंडी तिथे राहिली होती. तिच्या भिंतीकडच्या अर्ध्या अंगावर मुगाएवढ्या कळ्या दाटीने आल्या. दिव्याकडच्या फांद्या मात्र नुसती पानं काढत राहिल्या, हिरव्यागार, लांबलचक, शेंड्याला कळीचा पत्ता नाही. एकाच झाडावर अशी सरळ रेघ मारल्यासारखी हद्द होती. मी तिच्यासमोर बसून कितीतरी वेळ ती पाहिली. पुस्तकातली गोष्ट अशी आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांसमोर दिसते तेव्हा होणारा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

तेव्हाच पहिला स्टँड आणला. आता शेवंत्या दिवसभर व्हरांड्याच्या कडेला उन्हात असतात. दिवेलागणीला मी त्यांना ढकलत भिंतीशी, अंधारात नेते आणि सकाळी परत आणते. एकेका कुंडीला अर्धं मिनिटही लागत नाही. चाकं नसती तर हे कुणी रोज करू शकलं नसतं. कळ्यांना रंग दिसू लागला की मग दिव्याची चिंता नाही, कुंडी कुठेही ठेवा, ती फुलणारच. पॉइन्सेटिया आणि कलांचो यांनाही लांब रात्रच लागते, तेव्हा ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनीही दिव्याकडे लक्ष द्यावं.

एकदा फुलं उघडली की स्टँडचा दुसरा उपयोग सुरू होतो, तो म्हणजे बाग बघण्याचा. आई संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसते. तिला फार चालवत नाही, म्हणून बागच तिच्याजवळ यावी लागते. एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "ती पांढरी जरा इकडे आण गं. आणि तो लाल गुलाब ने पलीकडे, आता काळाच दिसतोय."

आईचं निरीक्षण अचूक होतं. संधिप्रकाशात आपले डोळे लाल रंगाला आधी मुकतात आणि निळा-जांभळा त्या मानाने उजळ दिसू लागतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने 1819 मध्ये हे टिपलं, तेही फुलांकडे बघतानाच. भर उन्हात तांबडीलाल दिसणारी फुलं त्याला मंद उजेडात काळपट दिसली. तेव्हापासून आमच्याकडे कुंड्यांच्या दोन मांडण्या असतात. सकाळी पुढे लाल गुलाब, गर्द केशरी झेंडू, लाल डेलिया. ही सगळी तिरप्या सोनेरी उन्हात नुसती पेटलेली दिसतात. संध्याकाळी ती मागे जातात आणि पुढे येतात पांढरी शेवंती, फिकट जांभळे ॲस्टर, पांढरा पिटुनिया. अंधार पडत जातो तसे ॲस्टर आणखी निळे होत जातात. आई शेवटी फक्त त्यांच्याकडेच बघत बसते. शेवंतीला या वेळेपर्यंत रंग आलेला असला की तिला अंधारात न्यायचंही काम नसतं.

चाकं आहेत म्हणून प्रत्येक झाड फिरवत सुटू नये, एवढं मात्र सांगते. कळ्या धरलेल्या अनंताची जागा बदलली की तो कळ्या गाळतो. त्याची कुंडी मी स्टँडवर ठेवलीच नाही. इतरांनाही एकदम गर्द सावलीतून कडक उन्हात आणायचं नाही, टप्प्याटप्प्याने आणायचं, नाहीतर पानं करपतात. उलट, जागा न बदलता कुंडी आठवड्याला पाव फेरा फिरवणं फार गुणकारी. झाडाच्या सावलीकडच्या बाजूला ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक जास्त जमतं, ती बाजू जास्त लांबते आणि शेंडा उन्हाकडे झुकतो. कुंडी फिरवत राहिलं की सगळीकडून सारखं, गोल, भरलेलं झाड होतं. स्टँडवर हे एका बोटाने होतं.

आता उणिवा, कारण त्या आहेत आणि घेण्याआधी माहीत हव्यात. चाकं पाच सेंटिमीटर व्यासाची आहेत. फरशीवर, सिमेंटच्या कोब्यावर उत्तम चालतात, फरशांच्या सांध्यांवरून खडखडत का होईना जातात. उंबरठा, पायरी, मोकळी माती, खडी, हिरवळ इथे उपयोग शून्य. व्हरांड्याच्या बुटक्या पायरीवर मी प्लायवूडची फळी तिरपी टाकून ठेवली आहे, तीवरून एक जण ओढतो, एक ढकलतो. ढकलताना हात कुंडीच्या खालच्या अर्ध्या भागाला लावायचा. काठाला धरून ढकललं आणि चाक सांध्यात अडलं तर उंच झाड पुढे झेपावतं.

ब्रेक दोनच आहेत. सपाट जागी पुरतात, पण अंगणाला पाण्याच्या उतारासाठी ढाळ असतोच आणि तिथे ब्रेक न लावता सोडलेली कुंडी आपोआप चालू लागते. जोराच्या वाऱ्यात उंच झाडाच्या स्टँडला मी दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावते. खोक्यावर लिहिलेली वजनाची क्षमता उभ्या कुंडीची समजावी. हलवताना सांध्यावर आपटून एकेका चाकावर जास्त भार येतो, म्हणून प्रत्यक्ष वजन त्या आकड्याच्या निम्म्यावर ठेवलेलं बरं.

मातीचे कण, वाळकी मुळं, दोरे चाकाच्या आसाभोवती गुंडाळले जातात आणि चाक फिरायचं सोडून घासायला लागतं. जुन्या टूथब्रशने ते काढून तेलाचा थेंब सोडला की काम होतं. पाण्याच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील तर ढकलण्याआधी बघा, ती पट्टीभोवती अडकतात. रंग जिथे खरवडला जातो तिथे, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्याला, गंज धरतो. तो पॉलिश पेपरने घासून रंगाचा हात दिला तर पुढे पसरत नाही. एवढी निगा या वस्तूला लागतेच.

प्लास्टिकचा, ताटलीसारखा स्टँडही मिळतो. तो दिसायला नेटका, पण भरीव तळामुळे पाणी आत साठतं, कुंडीचं बूड त्यातच राहतं आणि मुळं कुजायची भीती. माझ्याकडचा तसला एक उन्हाने ठिसूळ होऊन चाकापाशी तडकला. हलक्या कुंडीसाठी, घरात खिडकीशी, तो चालेल. बाहेर लोखंडीच घ्यावा.

ज्यांची सगळी झाडं जमिनीत आहेत किंवा अंगण मातीचं आहे त्यांनी यावर खर्च करू नये. ज्यांच्याकडे गच्ची, फरशीचं अंगण किंवा लांब बाल्कनी आहे त्यांनी सगळ्या कुंड्यांना न घेता आधी एकच घ्यावा, सर्वांत जड आणि सर्वांत जास्त ऊन मागणाऱ्या झाडासाठी. घेताना कड्याचा आतला व्यास कुंडीच्या तळापेक्षा निदान दोन बोटं जास्त आहे ना, पट्ट्यांच्या मधून पाणी जायला जागा आहे ना आणि पाचही चाकं हाताने फिरवल्यावर न अडखळता फिरतात ना, एवढं तपासावं. चाकं सात-आठ सेंटिमीटरची मिळाली तर तीच निवडावीत. फरशीच्या सांध्यांवरून ती सहज जातात, आणि माझ्या पुढच्या दोन डेलियांसाठी मी तशीच घेणार आहे.