हॉटेलातल्या गाण्यांसाठी कोणती जोडणी: 8 ओहम की 100 व्होल्ट?

मुंबईतली बरीच हॉटेलं इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात असतात. खाली साधी बैठक, पोटमाळ्यावर एसी. अशा जागेत जेवताना मंद गाणी हवीत म्हणून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर देऊ?" खरं तर वॉटचं उत्तर सगळ्यात शेवटी निघतं. आधी ठरवायला हवं की प्रत्येक टेबलाला आवाज सारखा कसा पोचणार. जेवायला आलेल्या माणसाला गाणंही ऐकू यायला हवं आणि समोरच्याशी नेहमीच्या आवाजात बोलताही यायला हवं.

गल्ल्यावर ठेवायचा ब्लूटूथ स्पीकर या कसोटीला लगेच नापास होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे तीन फुटांवर बसलेल्या गल्लेवाल्यापेक्षा बारा फुटांवरच्या टेबलाला 12 डेसिबल कमी. खोलीत भिंतींमुळे हा फरक थोडा कमी होतो, पण मिटत नाही. मागच्यांसाठी आवाज वाढवला की पुढचे वैतागतात. चार टेबलांच्या चहा-पोह्यांच्या दुकानाला हा चालेल, त्यापुढे नाही.

खरी निवड आहे ती दोन जोडण्यांमध्ये.

पहिली घरच्यासारखी: स्टिरिओ अ‍ॅम्प आणि 8 ओहमचे स्पीकर. तेवढ्याच पैशात आवाजाचा दर्जा सहसा हिचाच सरस. डग्ग्याची घुमक नीट ऐकू येते. अडचण येते ती स्पीकर वाढवताना. ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप; ते जितके कमी तितका ताण जास्त. एका चॅनेलवर (डाव्या किंवा उजव्या बाजूला) दोन स्पीकर समांतर जोडले की भार 4 ओहम होतो, चार जोडले की 2 ओहम, आणि 2 ओहमवर बहुतेक घरगुती अ‍ॅम्प तापतात किंवा बंद पडतात. वायरही पैसे मागते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने वीस मीटर लांब स्पीकर नेला तर जाऊन-येऊन चाळीस मीटर वायर झाली, तिचा रोध जवळपास अर्धा ओहम. भार 4 ओहमचा असेल तर दहावा हिस्सा शक्ती वायरीतच संपते. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये बासरी डावीकडे असेल तर उजव्या भिंतीलगतच्या टेबलाला ती जेमतेम ऐकू येते. म्हणून हॉटेलात अ‍ॅम्प मोनोवरच, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज जाईल असा ठेवावा.

दुसरी जोडणी 100 व्होल्ट लाइनची, शाळा-ऑफिसांच्या घोषणांना वापरतात ती. अहुजासारख्या कंपन्यांच्या पीए (म्हणजे घोषणांच्या) अ‍ॅम्पच्या मागे ओहमच्या टर्मिनलांशेजारी 100 व्होल्टचं टर्मिनल असतं. छतात बसवायचा स्पीकर उलटा करून पाहा: पाठीवर छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच्या टॅपवर, म्हणजे वायर जोडायच्या टोकांवर, 1.5, 3, 6 असे वॉटचे आकडे. जो टॅप जोडाल, साधारण तेवढीच शक्ती तो स्पीकर घेणार. मग हिशेब नुसत्या बेरजेचा उरतो. खाली 6 वॉटवर सहा स्पीकर म्हणजे 36, पोटमाळ्यावर 3 वॉटवर सहा म्हणजे 18, एकूण 54. थोडी मोकळीक ठेवून 80 वॉटचा अ‍ॅम्प पुरतो. हा सगळा भार सुमारे 185 ओहमचा, त्यापुढे वायरीतला अर्धा ओहम कुठेच नाही. दाराजवळचं टेबल तक्रार करत असेल तर तेवढा एक स्पीकर 6 वरून 3 वर आणायचा, 3 डेसिबल उतरतात. एसी विभागासाठी भिंतीवर वेगळा व्हॉल्यूम कंट्रोलही बसवता येतो.

उणीव म्हणजे स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचे सूर गिळतो. पण जेवताना दणका हवाच कशाला? वर लोक राहतात, आणि स्लॅबमधून सगळ्यात आधी चढतो तो बेसच. आणखी एक, 100 व्होल्टचा झटका बसू शकतो, तेव्हा जोड वायरमनकडूनच करून घ्या. ट्रान्सफॉर्मर नसलेला स्पीकर या टर्मिनलला कधीही लावू नका, कॉइल जळेल.

माझा कौल असा: एकच दालन आणि चार स्पीकर पुरणार असतील तर 8 ओहम. पोटमाळा असेल किंवा पाचवा स्पीकर लागणार असेल तर 100 व्होल्ट.

स्पीकर किती, हे छताची उंची ठरवते. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. आवाज 90 अंशांत पसरवणारा स्पीकर दहा फुटांच्या छतातून कानाच्या पातळीवर बारा फुटांचं वर्तुळ व्यापतो. पोटमाळ्याचं छत साडेसात फूट असेल तर तेच वर्तुळ सात फुटांचं. म्हणजे छत जितकं बुटकं तितके स्पीकर जास्त आणि टॅप लहान. अनेक जण नेमकं उलटं करतात. फॉल्स सिलिंग नसेल तर भिंतीवरचे स्पीकर घ्या, पण शेजारच्या घराशी सामाईक असलेली भिंत टाळा. स्वयंपाकघराच्या दाराजवळही नको, तेलकट वाफ स्पीकरच्या पडद्यावर बसते. समुद्राजवळ खाऱ्या हवेने टर्मिनलं गंजतात, तिथे गंजरोधक ग्रिल आणि घट्ट स्क्रूची टर्मिनलं बघून घ्या.

परवान्याचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. स्वतःसाठी घेतलेलं गाण्यांच्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन हॉटेलात वाजवायला चालत नाही. गाणी वाजवण्याचे परवाने देणाऱ्या पीपीएल आणि आयपीआरएस या संस्थांचे दर काय ते विचारून ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. व्यावसायिक भागाला ती 65 आणि 55.

वायर ओढून झाली की फॉल्स सिलिंग बंद व्हायच्या आत सगळे स्पीकर तात्पुरते जोडून घ्या. गाणं चालू ठेवून प्रत्येक खुर्चीवर बसून बघा, टॅप तेव्हाच बदला. ट्यूबलाइट किंवा एसी लावताच गुणगुण सुरू झाली तर अ‍ॅम्पला सिग्नल देणारी वायर विजेच्या वायरीपासून लांब न्या. सिलिंग बंद झाल्यावर हेच काम करायला ते पुन्हा फोडावं लागतं.