हरवलेल्या मुलाच्या घरी येणारे फोन

माझा भाचा सतरा वर्षांचा. बारावीची परीक्षा आटोपून मे महिन्यात मित्रांबरोबर हिमाचलला गेला आणि पार्वती खोऱ्यात, खीरगंगेहून बरशैणीला उतरताना थोडा मागे राहिला, तो कुणाला पुन्हा दिसलाच नाही. खीरगंगेकडे जाणारा गाडीरस्ता बरशैणीला संपतो. पुढे एक वाट नकथान गावावरून जाते, दुसरी कलगा गावाच्या बाजूने दाट देवदारांतून. खाली पार्वती नदी, आणि उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याने तिला अशी ओढ असते की काठावर उभं राहायची भीती वाटते. या खोऱ्यात १९९० च्या दशकापासून कितीतरी प्रवासी नाहीसे झालेत. इयान मॉगफर्ड हा इंग्लंडचा विद्यार्थी १९९६ साली इथे हरवला, त्याचे वडील शोधायला इथवर आले होते. आमच्या मुलाचाही पत्ता लागलेला नाही.

आज मात्र मी त्याच्या नावावर आमच्याकडून पैसे उकळणाऱ्यांविषयी लिहितेय. कारण उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी हेच फोन येतील.

आम्ही पोस्टर केलं. फोटो, उंची, निळं जॅकेट, गालावरचा तीळ, खाली दादाचा आणि वहिनीचा मोबाइल नंबर आणि माहिती देणाऱ्याला एक लाख रुपये. ते सगळीकडे पसरलं, आणि लगेच फोन सुरू झाले.

पहिला माणूस फार मऊ बोलायचा. "बहनजी, बच्चा ज़िंदा है, रोइए मत." मानतलाई या उंचावरच्या तलावाच्या बाजूला गद्दी मेंढपाळांना पोरगा सापडला, पाय मोडलाय, एका साधूच्या कुटीत ठेवलाय, म्हणाला. पोलिसांना कळवलं तर साधू घाबरून निघून जाईल, ही अट. आधी घोड्यासाठी ४० हजार, मग हेलिकॉप्टरच्या अनामत रकमेचे ८५ हजार. पुरावा म्हणून फोटो आला: डोक्याला पट्टी बांधलेला आमचा मुलगा, डोळे अर्धवट मिटलेले. तो पाहून वहिनी खाली बसली आणि दादाने पैसे पाठवले. कुठल्याही बापाने पाठवले असते.

खोट पकडली ती माझ्या मुलीने. पोस्टरवरचा फोटो सेल्फी होता, त्यामुळे उलटा आला होता. तीळ खरा डाव्या गालावर, पोस्टरवर उजव्या. पट्टी बांधलेल्या फोटोतही तो उजव्याच गालावर होता. म्हणजे पोस्टरवरचाच चेहरा घेऊन संगणकावर जखम आणि पट्टी चिकटवली होती. नंतर तिथल्या एका वाटाड्याने विचारलं, "मानतलाईहून फोन लागलाच कसा?" त्या उंचीवर नेटवर्क नसतं. आणि बचावासाठी सरकारी हेलिकॉप्टर लागलंच, तर ते जिल्हा प्रशासन मागवतं. कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे टाकून ते उडत नाही.

दुसरा माणूस मला जास्त निर्दयी वाटतो. सायबर सेलमध्ये ओळख आहे, मोबाइलचं लोकेशन काढून देतो, ३० हजार द्या. त्याने एक तक्ता पाठवला, त्यात टॉवरची नावं, तारखा, वेळा. शेवटची नोंद चंदीगडच्या बस स्थानकाजवळची. दादा डोंगर सोडून चंदीगडला गेला, हातात पोस्टर घेऊन फलाटाफलाटावर फिरला. पोलिसांनी खरी माहिती मागवली तेव्हा कळलं की फोन बंद झाला तो बरशैणीच्याच टॉवरवर. पैसे पुन्हा मिळवता येतात. पण पाऊस लागण्याआधीचे ते दिवस, जेव्हा ओढे उतरून कड्याखाली बघता आलं असतं, ते त्याने चोरले. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

कॉलची नोंद किंवा टॉवरचं लोकेशन मोबाइल कंपनी खासगी माणसाला देत नाही. त्यासाठी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मागणी लागते. असा डेटा विकणारी टोळी ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये पकडली होती, त्यात खासगी गुप्तहेरही होते. म्हणजे कुणी खरा तक्ता आणून दिला तरी तो गुन्हाच. आमचा तर खराही नव्हता.

बुवांचेही फोन आले. कुणाला पाणी दिसलं, कुणाला दक्षिण दिशा, आणि प्रत्येकाला दक्षिणा. अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना लुबाडणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, तेवढंच त्यांना ऐकवलं.

मूल अठराच्या आतलं असेल तर पोलिसांनी गुन्हा नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. "चोवीस तास थांबा" असं आम्हालाही एका ठाण्यात ऐकवलं गेलं. असा कुठलाही नियम नाही. मूल परराज्यात हरवलं तरी झीरो एफआयआर आपल्या गावच्या ठाण्यात होते आणि तिकडे पाठवली जाते. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो, तो गेला का हे विचारत राहावं लागतं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. दादाने ८५ हजार पाठवल्यावर थोड्याच वेळात आम्ही केला, म्हणून त्यातली काही रक्कम बँकेने रोखून धरली. आधीचे ४० हजार तोवर एटीएममधून निघून गेले होते.

आता पोस्टर नवं आहे. त्यावर पोलिसांचा नंबर आहे, बक्षिसाचा आकडा नाही, फोटो सुलटा आहे. आणि मुलाच्या अंगावरची एक खूण आम्ही मुद्दाम कुठेच छापलेली नाही, इथेही लिहीत नाही. दादाचा तो मोबाइल माझ्याकडे असतो. फोन आला की मी फक्त ती खूण विचारते. बहुतेक जण तिथेच फोन ठेवतात. जे शिवीगाळ करतात किंवा अंदाजाने काहीतरी ठोकून देतात, त्यांचे नंबर मी मणिकरणच्या पोलिसांकडे पाठवते. बरोबर उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.