मूलभूत हालचालींचा साहित्यसंच : चेंडूंपेक्षा कार्डे मोलाची

प्राथमिक वर्गांतील मुलांना धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे यांसारख्या मूलभूत हालचाली शिकवण्यासाठी तयार साहित्यसंच आता सहज मिळतात. त्यांपैकी एक संच शारीरिक शिक्षणाच्या तासाला बराच काळ वापरल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने असेच संच इतरही अनेक जण काढतात आणि पुढे मांडलेल्या कसोट्या त्या सगळ्यांनाच लावून पाहता येतील. हा संच घेण्यासारखा आहे, तो त्यातल्या रंगीबेरंगी वस्तूंपेक्षा सोबतच्या कार्डांसाठी; मार्गदर्शिकेतले शेवटचे प्रकरण मात्र मुलांपर्यंत पोचू न देणेच बरे.

संचात कापडी बीन बॅगा (दाणे भरलेल्या, हातात मावणाऱ्या छोट्या पिशव्या), तीन आकारांचे फोमचे चेंडू, एक हलका रबरी चेंडू, प्लॅस्टिकच्या रिंगा, शंकू, बुटके अडथळे, दोऱ्या, चेंडू ठेवून टोलवण्याची उभी नळी, आखूड दांड्याची बॅट आणि जमिनीवर अंथरायच्या रबरी पाऊलखुणा आहेत. बीन बॅगांची शिवण दुहेरी असल्याने त्या फाटत नाहीत. फोमचे चेंडू ओल्या मैदानावर पाणी शोषून जड होतात, एवढे लक्षात ठेवले की साहित्याच्या दर्जाबद्दल वेगळी तक्रार राहत नाही.

वय वाढले की मूल आपोआप नीट धावायला आणि फेकायला शिकते, हा समज पालकांत आहेच, पण शाळांतही तो खोलवर रुजलेला आहे. वाढीबरोबर हालचालीचा कच्चा आराखडा येतो हे खरे. तो पक्का होण्यासाठी मात्र नेमके मार्गदर्शन, पुरेसा सराव आणि त्या त्या वेळी केलेली दुरुस्ती लागते. ती मिळाली नाही तर मोठी माणसेही केवळ कोपरातून चेंडू ढकलताना दिसतात. व्हर्न सीफेल्ट या अमेरिकी अभ्यासकाने १९८० मध्ये असे मांडले होते की मूलभूत हालचाली आणि पुढची क्रीडाकौशल्ये यांच्यामध्ये प्रावीण्याचा एक अडसर असतो आणि ज्यांच्या मूलभूत हालचाली कच्च्या राहतात त्यांना तो ओलांडणे अवघड जाते. ‘मला खेळायला आवडत नाही’ असे म्हणत मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या पुष्कळ मुलांची खरी अडचण न जमणारी फेक किंवा हातून निसटणारा झेल ही असते, असे माझे ठाम मत आहे. संचातील कार्डे या अडचणीवरच बोट ठेवतात, म्हणून ती मला मोलाची वाटतात.

प्रत्येक कार्डावर एकाच कौशल्याच्या तीन पायऱ्या शेजारी शेजारी काढल्या आहेत. खांद्यावरून फेकण्याचे कार्ड पाहा. पहिल्या चित्रातले मूल लक्ष्याकडे तोंड करून उभे आहे, पाय जागचे हललेले नाहीत आणि चेंडू केवळ कोपराच्या झटक्याने सुटतो आहे. दुसऱ्या चित्रात पाऊल पुढे पडले आहे, पण ज्या हातात चेंडू आहे त्याच बाजूचे. तिसऱ्या चित्रात मूल लक्ष्याला बाजू देऊन उभे आहे, विरुद्ध पाय पुढे पडतो आहे, आधी कंबर आणि मग खांदा वळतो आहे आणि चेंडू सुटल्यावर हात अंगासमोरून दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे उतरतो आहे. शिक्षकाने समोरचे मूल यांपैकी कोणत्या चित्रात बसते ते पाहायचे आणि त्याला पुढच्या चित्राकडे नेणारी एकच सूचना द्यायची, अशी ही पद्धत आहे. एकदम चार सूचना दिल्या की मूल त्यांपैकी एकही पाळू शकत नाही, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. कार्डांनी ते गृहीत धरले आहे, हे विशेष.

दुसऱ्या इयत्तेतील एक मुलगी उजव्या हाताने फेकताना पाऊलही उजवेच टाकत असे आणि तोंडी सांगून काही फरक पडत नव्हता. शेवटी भिंतीपासून थोड्या अंतरावर दोन पाऊलखुणा आडव्या अंथरल्या, डाव्या पावलाची लाल खूण जराशी पुढे सरकवली आणि तिला ‘आधी लाल खुणेवर पाय, मग हात’ एवढेच सांगितले. काही फेकींनंतर चेंडू भिंतीवर आदळून तिच्या डोक्यावरून मागे गेला, तेव्हा तिने चेंडूच्या मागे न धावता आधी खाली आपल्या पायांकडे पाहिले.

झेलण्याच्या कार्डातही असाच बारकाईचा विचार आहे. लहान मूल चेंडू येताना तोंड फिरवते, हात ताठ पुढे धरते आणि चेंडू छातीशी कवटाळते. यामागे बऱ्याचदा चेंडू लागण्याची भीती असते. म्हणून सुरुवात सर्वांत मोठ्या, मऊ फोमच्या चेंडूने आणि हळू, खालून केलेल्या फेकीने करावी, असे कार्ड सांगते. बीन बॅग उसळत नाही आणि तळव्यात मावते, त्यामुळे नुसत्या हातांनी झेलण्याचा सराव तिच्यावर उत्तम होतो. चेंडूचा फिकट पिवळा रंग मात्र चुकीचा निवडला आहे, कारण फिकट भिंतीच्या पार्श्वभूमीवर तो उशिरा दिसतो आणि झेलणाऱ्याला तेवढा वेळही महत्त्वाचा असतो.

स्थानांतराच्या, म्हणजे एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या हालचालींची कार्डे चांगली आहेत, त्यांचा क्रमही योग्य आहे. एकच पाय सतत पुढे ठेवून केलेली घोडदौड आधी आणि पाय आलटूनपालटून पाऊल व लंगडी जोडणारी स्किप नंतर दिली आहे. स्किप घोडदौडीपेक्षा बरीच उशिरा जमते, त्यामुळे पहिल्या इयत्तेतल्या मुलाला ती येत नसेल तर काळजीचे कारण नाही. उड्यांसाठी दिलेल्या प्लॅस्टिकच्या रिंगा गुळगुळीत फरशीवर पायाखालून सरकतात. तेथे त्या वापरूच नयेत, खडूने वर्तुळ काढणे अधिक सुरक्षित आहे.

तोल आणि जागेवरच्या हालचाली यांच्या बाबतीत हा संच तोकडा पडतो. वाकणे, वळणे, पिळणे, एका पायावर स्थिर राहणे, लोळणे या सगळ्यांना मिळून मोजकीच कार्डे आली आहेत. उडीनंतर जमिनीवर उतरताना गुडघे आणि घोटे वाकवून भार कसा जिरवायचा, याचे स्वतंत्र कार्डच नाही. उडी शिकवायची आणि उतरणे शिकवायचे नाही, ही उणीव मला गंभीर वाटते, कारण दुखापत बहुधा उतरतानाच होते. साहित्य विकणाऱ्याला चेंडू दाखवता येतो, तोल दाखवता येत नाही, एवढेच याचे कारण असावे.

शारीरिक शिक्षणाच्या उद्दिष्टांबाबत मार्गदर्शिकेची प्रस्तावना रास्त बोलते. क्रियात्मक (हालचालीचे), बोधात्मक (समजुतीचे) आणि भावात्मक (भावना व वृत्तींचे) ही तिन्ही क्षेत्रे तिने मानली आहेत. अमेरिकेत १९३० च्या दशकात शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक चार्ल्स मॅक्लॉय यांनी शरीराच्या शिक्षणाची, म्हणजे बळ आणि सुदृढता यांची बाजू लावून धरली होती, तर त्यांचेच समकालीन जेसी फीअरिंग विल्यम्स यांनी शरीराद्वारे शिक्षणाची, म्हणजे हालचालीतून एकूण व्यक्तिमत्त्व घडवण्याची. हा वाद प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात आजही अप्रत्यक्षपणे चालूच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी. आठवड्यातल्या मोजक्या तासांत हे प्रमाण गाठणे शक्य नाही. त्यामुळे मुलाला दमवून वर्गात परत पाठवणे हे तासाचे काम असू शकत नाही. तासाबाहेर आपणहून खेळावेसे वाटेल इतके कौशल्य आणि इतका विश्वास देणे, हे त्याचे काम आहे. कार्डांच्या मागच्या बाजूला छापलेले प्रश्न या दृष्टीने मला फार आवडले. ‘चेंडू लांब जायला कोणता पाय पुढे हवा?’, ‘हात न हलवता उडी मारून पाहा, काय फरक पडला?’ असे प्रश्न मुलाला स्वतःच्या शरीराचे निरीक्षण करायला लावतात. भावात्मक बाजूसाठी जोडीने करायची कार्डे आहेत, ज्यांत एकाने करायचे आणि दुसऱ्याने चित्र पाहून त्याला सांगायचे. सात वर्षांची मुलेही हे काम कमालीच्या गांभीर्याने करतात.

याच मार्गदर्शिकेचे शेवटचे प्रकरण मात्र निकालाच्या तक्त्याचे आहे: धावण्याचे सेकंद, उडीचे आणि फेकीचे अंतर आणि त्यावरून सोनेरी, रुपेरी श्रेणी. आधीच्या सगळ्या कार्डांनी हालचाल कशी होते ते पाहायला शिकवले, आणि तक्ता फक्त ती किती झाली ते विचारतो. सदोष पद्धतीने फेकणारे उंच, दणकट मूल येथे सहज वरची श्रेणी मिळवते, तर पद्धत सुधारलेले लहान चणीचे मूल खालीच राहते. अमेरिकी अभ्यासक डेल उलरिच यांनी १९८५ मध्ये तयार केलेली स्थूल कारक विकासाची (मोठ्या स्नायूंच्या हालचालींच्या विकासाची) चाचणी नेमकी याउलट जाते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत स्थानांतराची ६ आणि चेंडूची ७ अशी १३ कौशल्ये आहेत, आणि प्रत्येकात ‘विरुद्ध पाय पुढे टाकला का’ अशा प्रकारचे निकष दिसले की नाही एवढेच नोंदवले जाते. हाच नमुना समोर ठेवून संचकर्त्यांनी आपल्याच कार्डांवरच्या तीन चित्रांचा तक्ता केला असता तर शिक्षकाला खरी नोंद ठेवता आली असती. तोपर्यंत प्रत्येक मुलाच्या नावापुढे चित्राचा क्रमांक लिहिणारी साधी वही पुरते; मी तीच वापरते.

काही उणिवा वापरताना जाणवतात. सगळी चित्रे उजव्या हाताच्या मुलांची आहेत, त्यामुळे डावखुऱ्यांसाठी प्रत्येक वेळी सूचना उलटी करून सांगावी लागते. शारीरिक शिक्षण हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचे युनेस्कोच्या १९७८ च्या सनदेने मानले आणि २०१५ च्या सुधारित सनदेने अपंग व्यक्तींच्या समावेशावर स्पष्ट भर दिला. असे असताना अंध मुलांसाठी आवाज करणारा चेंडू किंवा चाकाच्या खुर्चीवरून फेकण्याचे चित्र संचात नसावे, हे मनाला लागते. सुचवलेल्या खेळांपैकी काहींत चुकणारे मूल बाद होऊन बसते, म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. त्या खेळांत बाद करण्याऐवजी जागा बदलायला लावावी.

चेंडूंची संख्या पूर्ण वर्गाला अजिबात पुरत नाही. एका चेंडूमागे लांब रांग लागली की तासाचा मोठा भाग उभे राहण्यात जातो. म्हणून मोठ्या वर्गासाठी एकाच संचावर भागवू नये. बीन बॅगा आणि लहान फोमचे चेंडू प्रत्येकी एक येतील इतके सुटे मागवावेत, बाकीचे साहित्य गटांत फिरवावे. घरच्या वापरासाठी पालकांनी पूर्ण संच घेण्याची गरज नाही. मोठा फोमचा चेंडू, दोन-तीन बीन बॅगा, एक दोरी आणि कार्डे एवढ्यावर घरचा सराव छान होतो. कार्डे सुटी मिळतात का, हे विक्रेत्याला आधी विचारावे.