ताउलपुरते थांबू नका : पिरेनीजमधील बोई खोऱ्याची ओळख

स्पेनच्या ईशान्येकडील कॅटलोनियात, लेइदा प्रांताच्या उत्तर टोकाला, पिरेनीज पर्वताच्या कुशीत बोईचे खोरे आहे. नोगेरा दे तोर या नदीच्या काठाने आणि तिच्यावरच्या उतारांवर बारुएरा, दुर्रो, कार्देत, कोल, एरिल ला वाल, बोई आणि ताउल अशी लहान लहान दगडी गावे वसलेली आहेत आणि या गावांमधील रोमनेस्क (जाड भिंती आणि गोल कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय) शैलीच्या नऊ चर्चना २००० साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. बार्सिलोनाहून येणारे बरेच प्रवासी थेट ताउल गाठतात, सांत क्लिमेंट हे सर्वांत प्रसिद्ध चर्च पाहतात आणि संध्याकाळपर्यंत परततात. एवढ्या लांबून येऊन एवढेच पाहणे हे या खोऱ्यावर अन्याय करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. येथील चर्च सुटी सुटी पाहण्याची स्मारके नाहीत. एका गावातल्या घंटाघरावरून दुसऱ्या गावाकडे नजर टाकल्यावर आणि मधली वाट पायी चालल्यावरच त्यांचा एकमेकांशी आणि डोंगराशी असलेला संबंध कळतो.

तरीही सुरुवात सांत क्लिमेंटपासूनच करावी लागते, कारण त्याची कीर्ती पूर्णपणे सार्थ आहे. रोदा येथील बिशप रामोन यांनी १० डिसेंबर ११२३ रोजी या चर्चची प्रतिष्ठापना केली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गावातील सांता मारिया चर्चची. एका लहानशा डोंगरी गावात लागोपाठ दोन दिवसांत दोन चर्चची प्रतिष्ठापना व्हावी, यामागे मोठा पैसा असणार हे उघड आहे. अरागॉनच्या राजांनी दक्षिणेकडील मुस्लिम राज्यांविरुद्ध केलेल्या मोहिमांत एरिलचे सरदार घराणे सामील होते आणि त्या मोहिमांतून मिळालेल्या संपत्तीतून ही बांधकामे उभी राहिली, असे इतिहासकार मानतात. बांधकामाची रीत उत्तर इटलीतील लोम्बार्ड गवंड्यांची आहे. लहान घडीव दगडांचे थर, छताखाली ओळीने कोरल्यासारख्या दिसणाऱ्या बुजवलेल्या कमानी, तीन दालने, तीन अर्धवर्तुळाकार गर्भगृहे, वर लाकडी छप्पर आणि बाजूला सहा मजल्यांचे चौकोनी घंटाघर अशी त्याची रचना आहे. घंटाघराच्या अरुंद जिन्याने वर जाता येते. खिडकीच्या मधल्या बारीक खांबाला टेकून खाली पाहिले की स्लेटच्या पाट्यांची छपरे, गवताची कुरणे आणि पलीकडच्या उतारावरचे एरिलचे घंटाघर एकाच दृष्टिक्षेपात येते. ही घंटाघरे केवळ घंटा टांगण्यासाठी नव्हती, परस्परांवर नजर ठेवण्यासाठी आणि निरोप पोहोचवण्यासाठीही होती, हे येथे उभे राहिल्यावर सहज पटते.

आता चित्रांविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ज्यांना पूर्वकल्पना नसते त्यांचा येथे विरस होऊ शकतो. सांत क्लिमेंटच्या मुख्य गर्भगृहातील ख्रिस्ताचे भव्य भित्तिचित्र, जे युरोपच्या मध्ययुगीन कलेतील श्रेष्ठ कृतींमध्ये गणले जाते, ते आज या भिंतीवर नाही. १९०७ साली बार्सिलोनातील इन्स्टिट्यूट दे एस्तुदिस कातालान्स या संस्थेने वास्तुरचनाकार जुझेप पुइग इ कादाफाल्क यांच्या नेतृत्वाखाली पिरेनीजमध्ये अभ्यासमोहीम पाठवली आणि या चर्चकडे विद्वानांचे लक्ष गेले. त्यापाठोपाठ कलावस्तूंच्या व्यापाऱ्यांचेही गेले. दक्षिणेकडील सांता मारिया दे मुर येथील चित्रे विकली जाऊन अखेर बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात पोहोचली, तेव्हा कॅटलोनियातील संग्रहालय मंडळाने उरलेली चित्रे वाचवण्यासाठी १९१९ ते १९२३ या काळात ती भिंतीवरून उतरवून बार्सिलोनाला नेली. चित्रावर सरस लावून कापड चिकटवायचे, ते वाळले की रंगाच्या पातळ थरासह हलकेच सोलून काढायचे, गुंडाळायचे आणि खेचरांच्या पाठीवर लादून डोंगर उतरवायचे, अशी ती पद्धत होती. आज ही चित्रे मोंजुइक टेकडीवरील कॅटलोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात, मूळ गर्भगृहाच्याच आकाराच्या अर्धवर्तुळाकार भिंतींवर पाहायला मिळतात.

मग रिकाम्या भिंतीपुढे पाहायचे तरी काय? पूर्वी येथे चित्राची एक रंगवलेली प्रतिकृती होती. ती काढून २०१३ पासून मूळ चित्राचा प्रकाशपट भिंतीवर टाकला जातो. अंधारात आधी रेषा उमटतात, मग रंगाचे एकेक अंग भरत जाते आणि शेवटी बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत बसलेला ख्रिस्त पूर्ण साकार होतो. त्याचा उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे आणि डाव्या हातातील पुस्तकावर ‘मी जगाचा प्रकाश आहे’ या अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. अशा तांत्रिक करामतींबद्दल मला एरवी फारसे प्रेम नाही, परंतु येथे ती अत्यंत संयमाने वापरलेली आहे. प्रकाश मावळल्यावर भिंतीवर मूळ रंगाचे जे थोडे तुकडे उरले आहेत, त्यांच्याकडे प्रेक्षक नव्या नजरेने पाहू लागतो, हे या योजनेचे खरे यश आहे. माझा आग्रह असा की, बार्सिलोनातील संग्रहालय आधी पाहावे आणि नंतर खोऱ्यात यावे. कमानीवरचे सात डोळ्यांचे कोकरू किंवा दाराशी पडलेला लाझरस (बायबलमधील दृष्टान्तातला गरीब भिकारी) आणि त्याच्या जखमा चाटणारा कुत्रा असे बारकावे संग्रहालयात शांतपणे न्याहाळता येतात, आणि मग ते नेमके कोणत्या उंचीवर, किती मंद उजेडात होते, हे ताउलला आल्यावर समजते.

गावाच्या मध्यभागी असलेल्या सांता मारियात आणि खालच्या बोई गावातील सांत होआनमध्ये मूळ चित्रांच्या रंगवलेल्या प्रतिकृती आहेत. दगड उघडा ठेवण्याची सवय आपल्या डोळ्यांना लागलेली असते, त्यामुळे सांत होआनमध्ये शिरल्यावर मध्ययुगात ही चर्च किती रंगीबेरंगी होती हे पाहून थक्क व्हायला होते. एरिल ला वालच्या सांता एउलालियात ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवण्याच्या प्रसंगाचा सात लाकडी मूर्तींचा समूह आहे. याही प्रतिकृतीच आहेत; मूळ मूर्तींपैकी पाच विक येथील संग्रहालयात आणि दोन बार्सिलोनात आहेत. तरीही खाली झुकलेल्या त्या निश्चल देहाला आधार देणारे हात जवळून पाहताना मन गलबलते. याच गावात रोमनेस्क वारशाचे माहितीकेंद्र आहे आणि वेळ कमी असला तरी ते वगळू नये. बारुएरा, कार्देत आणि कोल येथील चर्च साधी आहेत. कार्देतच्या गर्भगृहाखाली असलेले तळघर मात्र आवर्जून पाहावे.

दुर्रोविषयी मला विशेष आत्मीयता आहे. मुख्य रस्त्यापासून बाजूला, उंचावर असलेल्या या गावात गर्दी कमी असते, आणि गावाबाहेर डोंगरउतारावर सांत किर्क हे छोटेसे एकाकी प्रार्थनागृह आहे. तेथे चालत जाण्याची वाट कुरणांमधून वर चढते आणि वळणावळणावर खोऱ्याचा नवा भाग उघडत जातो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पेटते पलिते खांद्यावर घेऊन गावकरी डोंगरावरून रांगेने खाली उतरतात आणि चौकात मोठी होळी पेटवतात. या पलित्यांना येथे ‘फाय्येस’ म्हणतात. जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत एकेका गावाची रात्र ठरलेली असते आणि आरंभ दुर्रोपासून होतो. पिरेनीजमधील या अग्निउत्सवांना २०१५ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नाही, हे लक्षात ठेवून पाहुण्याने बाजूला उभे राहावे आणि उतरणाऱ्यांची वाट अडवू नये.

खोऱ्याचा दुसरा खजिना म्हणजे ऐग्वेस्तोर्तेस आणि सांत माउरीसी सरोवर हे राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली स्थापन झालेले हे कॅटलोनियातील एकमेव राष्ट्रीय उद्यान असून हिमनद्यांनी कोरलेल्या ग्रॅनाइटच्या या प्रदेशात सुमारे दोनशे सरोवरे आहेत. खासगी वाहनांना आत प्रवेश नाही आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो. बोई गावातून परवानाधारक जीप टॅक्सी प्रवाशांना वरच्या पठारापर्यंत नेतात, परंतु पायांत बळ असेल तर जाताना चालावे आणि परतताना जीप घ्यावी. चालणाऱ्याला येब्रेता सरोवर आणि सांत एस्पेरित धबधबा निवांत पाहता येतो. जीपमध्ये बसलेल्याच्या डोळ्यांसमोरून तो क्षणात निघून जातो. वरच्या पठारावर पाणी सपाट कुरणातून वळसे घेत अनेक धारांनी वाहते, काठाला काळ्या पाइनची झाडे उभी असतात आणि लाकडी पायवाटांमुळे वृद्धांनाही तेथे सहज फिरता येते. पुढे लोंग सरोवरापर्यंतची चाल सोपी आहे. त्याच्याही पुढे पोर्तारो खिंड ओलांडून एस्पोतच्या बाजूला उतरता येते, मात्र त्यासाठी पूर्ण दिवस आणि चांगली सवय हवी. खडकांतून शीळ घालणारे मार्मोट (खारीच्या कुळातले मोठे प्राणी) हमखास भेटतात. दाढीवाले गिधाड दिसणे हा नशिबाचा भाग. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस कोसळू शकतो, म्हणून चढाईला पहाटेच निघावे. सरोवरांत पोहण्यास आणि उद्यानात तंबू ठोकण्यास मनाई आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी आहे. बार्सिलोनाहून पोंत दे सुएर्तपर्यंत बस मिळते, पण तेथून पुढे गावोगाव फिरण्यासाठी स्वतःची किंवा भाड्याची गाडी नसेल तर बराच वेळ वाट पाहण्यात जातो. चर्च दुपारच्या जेवणाच्या वेळी बंद होतात आणि लहान चर्चच्या वेळा हंगामानुसार बदलतात, त्यामुळे एरिलच्या केंद्रात आधी चौकशी करून मगच दिवस आखावा. तेथे अनेक चर्चसाठी मिळणारे एकत्रित तिकीटही किफायतशीर ठरते. शाकाहारी प्रवाशांची जेवणाची थोडी अडचण होते, कारण येथील स्वयंपाक कोकराच्या मांसाची गिरेला (एक प्रकारचे सॉसेज), गोमांस आणि रानातील अळंबी यांच्याभोवती फिरतो. हिवाळ्यात बोई ताउल येथील स्कीइंगसाठी गर्दी होते आणि राहण्याचे दर वाढतात. चर्च आणि सरोवरे दोन्ही मनासारखी पाहायची असतील तर जून किंवा सप्टेंबर निवडावा, मुक्काम ताउलऐवजी एरिल किंवा दुर्रोला करावा आणि किमान तीन रात्री हाताशी ठेवाव्यात.