सीमाभागातल्या मतदाराने कोणती पद्धत मागावी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे निवडणूक जवळ आली की ‘एकास एक उमेदवार द्या’ हे वाक्य मराठी मंडळींच्या बैठकीत हमखास ऐकू येते. सध्याच्या पद्धतीत सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो आणि बाकीची मते वाया जातात, म्हणून तडजोड मतदानाआधीच करावी लागते. 2013 मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते. 2018 मध्ये समितीच्या गटांनी वेगवेगळे उमेदवार दिले आणि एकही निवडून आला नाही.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वात, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीत, प्रत्येक जण आपल्या चिन्हावर लढतो आणि युतीची बोलणी निकालानंतर होतात. ती लांबतातही: 2021 च्या निवडणुकीनंतर नेदरलँड्समध्ये सरकार स्थापन व्हायला 299 दिवस लागले. मात्र आपल्याकडे घाईने जुळलेले सरकार तरी कुठे टिकले? 2018 मध्ये कर्नाटक विधानसभेत काँग्रेसला सुमारे 38 टक्के मतांवर 80, तर भाजपला सुमारे 36 टक्के मतांवर 104 जागा मिळाल्या. काँग्रेस-जनता दलाचे सरकार चौदा महिन्यांत पडले. ते पाडणाऱ्यांपैकी गोकाक, अथणी आणि कागवाडचे आमदार बेळगाव जिल्ह्यातलेच. राजीनामे देऊन, अपात्र ठरूनही तिघे डिसेंबर 2019 च्या पोटनिवडणुकीत भाजपच्या तिकिटावर परत आले. जर्मनीसारख्या देशात पक्षाने निवडणुकीआधी दिलेल्या उमेदवार-यादीवरून आलेल्या सदस्याने राजीनामा दिला, तर त्याच पक्षाच्या यादीतील पुढचा उमेदवार येतो, त्यामुळे हा मार्गच बंद होतो.

तरीही ‘प्रमाणशीर’ या शब्दावर भाळू नये. मतदारसंघ केवढा आणि जागा मिळण्यासाठी किमान मतांची अट किती, हे आधी विचारावे. विधानसभेच्या 224 पैकी बेळगाव जिल्ह्याच्या जागा 18, म्हणजे सुमारे आठ टक्के. संपूर्ण राज्याची एकच यादी आणि जर्मनीप्रमाणे पाच टक्क्यांची अट ठेवली, तर जिल्ह्यातील निम्म्या मतदारांनी समितीला मत देऊनही राज्यात तो आकडा चार टक्क्यांच्या आसपास राहील, आणि समिती सभागृहाबाहेर. उलट जिल्हा हाच 18 जागांचा एक मतदारसंघ केला, तर द’होंट पद्धतीने (प्रत्येक पक्षाची मते 1, 2, 3 अशा आकड्यांनी भागून सर्वांत मोठ्या भागाकारांना जागा देण्याची रीत) साधारण सव्वापाच टक्क्यांच्या पुढे गेलेल्या पक्षाला एक जागा नक्की मिळते. माझे मत या दुसऱ्या मांडणीकडे झुकते.

किमान मतांची अट ठेवूनही अल्पसंख्याकांना सूट देता येते: जर्मनीत डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला पाच टक्क्यांची अट लागू नाही. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात 2012 ते 2017 या काळात तो सत्तेत भागीदार होता आणि त्याच्या वाट्याला एक मंत्रिपदही आले होते.